तापलेल्या लोखंडावरचं पाणी : मनातलं सांगण्या-ऐकण्याची आपली जुनी रीत

पर्युषण आलं की आपल्या घरांत 'आलोचना' हा शब्द ऐकू येतो. दशलक्षणाचे दहा दिवस संपले, क्षमावाणी झाली, की तो पुन्हा पुस्तकात जाऊन बसतो. आलोचना म्हणजे टीका, असा अर्थ हल्लीची वर्तमानपत्रं करतात. आपल्या शास्त्रातला अर्थ वेगळा आहे. मनात साठलेलं, सलणारं, कुणालाही न सांगितलेलं असं जे असेल, ते योग्य माणसापुढे सरळ बोलून दाखवणं म्हणजे आलोचना. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्याचं हे जुनं रूप. डॉक्टर आणि समुपदेशक नव्हते तेव्हाही माणसांच्या मनात प्रश्न होतेच. शरीराबद्दलचे होते, लग्नाबद्दलचे होते, आणि 'मी बाई आहे की पुरुष, की आणखी काही' असेही होते. ते प्रश्न घेऊन माणूस कुठे जायचा आणि त्याला काय उत्तर मिळायचं, याचा थोडा इतिहास आज लिहिते आहे.

आमच्या राजापूरजवळच्या धोपेश्वर गावात धूतपापेश्वराचं मंदिर आहे. नावातच पाप धुण्याचा अर्थ आहे. गंगा आली की चौदा कुंडांवर स्नानाला गर्दी होते. माणसाला आपल्या मनावरचं ओझं उतरवायला जागा लागते, हे या मातीला जुन्या काळापासून ठाऊक आहे. कोकणात त्यासाठी आणखी एक वाट आहे. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा. गाऱ्हाणं घालताना गुरव किंवा मानकरी त्या माणसाच्या वतीनं बोलतो आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. गुरं हरवली, भावकीत वाद झाला, पावसानं ओढ दिली, तर ही रीत उत्तम. पण जे चारचौघांत उच्चारता येत नाही त्याचं काय? ते गाऱ्हाण्यात मावत नाही. मग ते आतच राहतं, नाहीतर 'बाहेरचं काहीतरी आहे' असं म्हणत कुणा देवर्षीच्या अंगणात जाऊन पोचतं.

ऐकणारा कसा असावा

आपल्याकडे शिवार्यांचा 'भगवती आराधना' नावाचा फार जुना प्राकृत ग्रंथ आहे. दोन हजारांहून अधिक गाथांचा. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं तो हिंदी भाषांतरासह छापला आहे. समाधिमरणाचा ग्रंथ म्हणून आपण तो ओळखतो. पण त्यात सांगणाऱ्यानं कसं सांगावं आणि ऐकणाऱ्यानं कसं ऐकावं याचा जो विचार आहे, तो वाचून मी थक्क झाले.

सांगणाऱ्याचे दहा दोष त्यात मोजले आहेत. ऐकणाऱ्याची दया यावी म्हणून आधी सेवा करून मग सांगणं हा एक दोष. दुसऱ्यांनी पाहिलं तेवढंच कबूल करणं हा एक. मोठं सांगून लहान लपवणं, लहान सांगून मोठं लपवणं, गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही अशा वेळी पुटपुटणं, जो स्वतः त्याच दोषात आहे त्यालाच गाठून सांगणं, हेही दोषच. माणसाच्या लपवालपवीची इतकी बारीक यादी करणाऱ्यानं किती माणसांचं ऐकून घेतलं असेल!

ऐकणाऱ्या आचार्याचे आठ गुण सांगितले आहेत. त्यातला एक मला सगळ्यांत मोठा वाटतो. तो म्हणजे 'अपरिस्रावी'. परिस्राव म्हणजे पाझर. जो पाझरत नाही तो अपरिस्रावी. त्याला ग्रंथकारांनी दृष्टांत दिला आहे तो तापलेल्या लोखंडानं प्यायलेल्या पाण्याचा. लोहाराच्या भात्यापाशी उभं राहून पाहिलंय ना? लालबुंद लोखंडावर पाणी पडलं की ते परत बाहेर येत नाही. तसं ऐकणाऱ्याच्या कानात पडलेलं त्याच्या तोंडातून बाहेर येता कामा नये. आणि आलं तर काय होतं तेही शिवार्य सांगतात. गुपित फुटलेला माणूस लाजेनं मोडून पडतो, संघ सोडून जातो, प्रसंगी जिवाचं बरंवाईट करून घेतो. त्याचा दोष गुपित फोडणाऱ्याकडे जातो. आज समुपदेशकांना गोपनीयतेचा जो पहिला धडा देतात, तो आपल्याकडे इतक्या स्पष्ट शब्दांत आधीच लिहून ठेवलेला आहे.

म्हणून पुढे एका बहिणीची हकिगत सांगणार आहे, ती फार थोडीच सांगेन. तिचं गाव, आडनाव, लेकराचं वय, काहीच देणार नाही. हा गुण फक्त आचार्यांनीच पाळायचा असं थोडंच आहे?

वहीतली दोन खाती

आता मुख्य गोष्ट. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जो मराठी लेख कोरलेला आहे तो शाळेत आपण सगळ्यांनी वाचला आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. चामुंडरायांनी ही मूर्ती करवली, असं त्यात म्हटलंय. हे चामुंडराय गंग राजांचे मंत्री आणि सेनापती. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. त्यांचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती. चामुंडरायांचं घरचं नाव गोम्मट, म्हणून नेमिचंद्रांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचं नाव पडलं 'गोम्मटसार'. मूर्ती पाहायला लाखो लोक जातात. ग्रंथ उघडणारे फार थोडे.

गोम्मटसाराच्या जीवकांडात 'वेद मार्गणा' नावाचा भाग आहे. इथे वेद म्हणजे ऋग्वेद नव्हे. वेद म्हणजे मनात जाणवणारी स्त्रीत्वाची, पुरुषत्वाची किंवा त्या दोन्हींहून वेगळी अशी वासना. स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे तीन वेद.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे मला कर्मसिद्धांत नेहमी खतावणीसारखा दिसतो. शरीर कसं मिळेल, उंच की ठेंगणं, बाईचं की पुरुषाचं, ते 'नामकर्मा'च्या खात्यावर. आणि मनाला काय वाटेल ते 'मोहनीय' कर्माच्या खात्यावर. ही दोन वेगळी खाती आहेत. शरीराच्या लिंगाला म्हणतात द्रव्यवेद, मनातल्याला म्हणतात भाववेद. नेमिचंद्र पुढे सांगतात की ही दोन्ही बहुतेक वेळा जुळतात आणि क्वचित जुळत नाहीत.

हे मी तीनदा वाचलं. हजार वर्षांपूर्वीचे एक दिगंबर आचार्य सांगताहेत की शरीर पुरुषाचं आणि भाव स्त्रीचा, किंवा शरीर बाईचं आणि भाव पुरुषाचा, असं असू शकतं. त्यात भूतबाधा नाही, आईबापांच्या संस्कारांची चूक नाही, शाळा-कॉलेजचं वारं नाही. दोन खात्यांची बाकी कधी कधी सारखी येत नाही, इतकंच. 'समलिंगी', 'पारलिंगी' हे आजचे शब्द त्यांच्यापुढे नव्हते आणि मी ते ओढूनताणून त्यांच्या तोंडी घालणार नाही. त्यांचा रोख वासनेवर होता, ओळखपत्रावर नव्हता. पण असं घडू शकतं, ही नोंद त्यांनी वहीत करून ठेवली.

या तीन वेदांना तीन आगींची उपमा दिलेली आहे. पुरुषवेद गवताच्या आगीसारखा. आमच्या सड्यावरचं वाळलेलं गवत पेटलेलं पाहिलं असेल तर लगेच कळेल. भडकतं आणि विझतं. स्त्रीवेद शेणीच्या आगीसारखा, राखेखाली धुमसत राहणारा. आणि नपुंसकवेद वीटभट्टीसारखा. आमच्याकडे घरं जांभ्या चिऱ्याची, त्यामुळे वीटभट्टी फारशी दिसत नाही. माझं माहेर घाटावरचं, कोल्हापूरच्या बाजूचं. भट्टी बाहेरून शांत दिसते, पण आत दिवसच्या दिवस धग असते आणि जवळ हात नेववत नाही. या उपमेचा अर्थ टीकाकार तीव्र वासना असा लावतात. मला मात्र त्यात त्या माणसाची तगमगही दिसते. आतून इतकं जळणाऱ्याला बाहेरून आणखी चटके कशाला द्यायचे?

आणि या तिन्ही आगीच आहेत, हे विसरू नये. गवताची आग पवित्र आणि भट्टीची अपवित्र असं कुठे म्हटलेलं नाही. तिन्ही मोहाच्याच. नवव्या गुणस्थानात तिन्ही वेद मागे पडतात आणि जीव 'अवेदी' होतो. तिथवर कोण कोणत्या वेदातून आलं याला किंमत उरत नाही. पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी'त तीनही भाववेदांतून सिद्धी सांगितली आहे. आपल्या श्वेतांबर बांधवांच्या आगमात सिद्धांचे जे पंधरा प्रकार मोजले आहेत, त्यात स्त्रीलिंगसिद्ध आणि पुरुषलिंगसिद्ध यांच्याबरोबर नपुंसकलिंगसिद्धही आहेत.

आणखी एक गोष्ट. हे तीन वेद मोहनीय कर्माच्या 'नोकषाय' नावाच्या नऊ प्रकृतींत येतात. ते नऊ असे : हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि हे तीन वेद. यातली जुगुप्सा म्हणजे किळस. म्हणजे एखाद्याचा वेद पाहून मला किळस आली, तर त्याचं आणि माझं कर्म वहीच्या एकाच पानावर आहे. त्याला नावं ठेवायला मी कोण? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत 'निर्विचिकित्सा' म्हणजे किळस न करणं, आणि 'उपगूहन' म्हणजे दुसऱ्याचं उणं झाकणं, ही दोन अंगं उगाच सांगितलेली नाहीत.

सगळंच गोड नाही

इतिहास लिहायचा तर पूर्ण लिहावा. त्याच ग्रंथांत स्त्रियांबद्दल आणि नपुंसकांबद्दल कठोर शब्दही आहेत. स्त्री दोषांनी झाकलेली, नपुंसक कलुषित मनाचा, असं वाचताना आजही मन खट्टू होतं. दीक्षेच्या नियमांत नपुंसकांना मनाई आहे. श्वेतांबरांच्या 'प्रवचनसारोद्धारा'त मात्र नपुंसकांचे सोळा प्रकार करून दहांना अपात्र आणि सहांना पात्र ठरवलं आहे. दार पूर्ण बंद करण्याऐवजी कुणीतरी थोडं किलकिलं ठेवलं होतं, असं त्यावरून दिसतं.

आणि स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष मिळतो का, हा वाद तर दीड-दोन हजार वर्षांचा. दिगंबर नाही म्हणतात, श्वेतांबर हो म्हणतात. पण आपल्याच भागात एक तिसरा संघ होता. यापनीय. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत आणि तरी ते स्त्रीमुक्ती मानत. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात त्यांचे शिलालेख सापडले आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेल्या शाकटायन या यापनीय आचार्यांनी 'स्त्रीमुक्तिप्रकरण' लिहिलं. एका नग्न मुनीनं बायकांची बाजू लढवली! ज्या 'भगवती आराधने'बद्दल वर लिहिलं, तीही यापनीय परंपरेतलीच असं बरेच अभ्यासक मानतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या विस्मृतीत गेलेल्या संघावर मोलाचं संशोधन केलं. पुढे पद्मनाभ जैनी यांनी १९९१ साली स्त्रीमुक्तीच्या वादावरचे मूळ ग्रंथ इंग्रजीत आणले.

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला तो महाराष्ट्रातच. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेला 'षट्खंडागम' नकलून घेण्यासाठी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खटपट केली. १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवला टीकेसह पहिला खंड छापला. त्यातल्या ९३ व्या सूत्रात 'संजद' म्हणजे संयत हा एक शब्द आहे की नाही, यावर पंडितांत मोठं रण माजलं. शब्द आहे म्हटलं तर 'मनुष्यिणी'ला वरची गुणस्थानं मिळतात. मग स्त्रीला मोक्ष नाही हे कसं टिकणार? उत्तर दिलं गेलं ते असं : इथली मनुष्यिणी म्हणजे भावस्त्री. शरीरानं पुरुष, भावानं स्त्री.

म्हणजे बघा, परंपरेच्या ज्या मताचा कडेकोट बचाव करायचा होता, त्याच्यासाठी पंडितांना देहानं पुरुष आणि मनानं स्त्री असलेली व्यक्ती मान्य करावी लागली. नुसती मान्य नाही, तर ती चौदाव्या गुणस्थानापर्यंत जाते असं म्हणावं लागलं. वादाच्या भरात आलेलं असलं तरी ते शास्त्राचंच म्हणणं आहे. आपल्या घरी अशी व्यक्ती निघाली तर मात्र ते आपल्याला आठवत नाही.

मराठी संतांकडे गेलेले प्रश्न

हे झालं आपल्या घरचं. शेजारी काय चाललं होतं? तेराव्या शतकात चक्रधर स्वामींभोवती कितीतरी बायका जमल्या होत्या. त्यांतली महदाइसा सारखी प्रश्न विचारायची. स्वामी तिला गप्प बसवत नसत. तिच्या जिज्ञासेचं त्यांना कौतुक होतं. 'लीळाचरित्रा'त अशा प्रश्नोत्तरांचे कितीतरी प्रसंग म्हाइंभटांनी टिपले आहेत. मासिक पाळीच्या विटाळाबद्दल स्वामींचं मत असं की नाकाडोळ्यांतून जसा मळ जातो तसाच हा शरीराचा एक धर्म, त्यात विटाळ कसला? आजही कितीतरी घरांत चार दिवस बाजूला बसणं आहे. सातशे वर्षांपूर्वीचं ते उत्तर अजून सगळ्या घरांपर्यंत पोचलेलं नाही.

सतराव्या शतकात बहिणाबाई. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी लहानपणी तिचं लग्न वयानं फार मोठ्या बिजवराशी झालं. कोल्हापूरला जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनात ती रंगून जाई आणि नवरा तिला मारहाण करी. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र तुकोबांना गुरू मानणं त्याला सहन होत नव्हतं. तिनं हे सगळं आपल्या अभंगांतून स्वतः सांगितलं आहे. बाईच्या जन्माला आल्यामुळे परमार्थाची वाट कशी अडते ही तिची वेदना त्यात आहे. तिला समोर बसवून ऐकून घेणारं कुणी नव्हतं. तुकोबांचा उपदेशही तिला स्वप्नात झाला. तिनं संसार सोडला नाही, आणि स्वतःचं म्हणणंही सोडलं नाही.

पुढचं उदाहरण आपल्या समाजातलं. वर ज्यांचं नाव आलं त्या शेठ माणिकचंद जव्हेरींची लेक मगनबाई, जन्म १८७९. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीला काय सांगत? पूर्वजन्मीचं पाप आहे, कोपऱ्यात बस, उपास कर. माणिकचंदांनी तिला जवळ बसवून शिकवलं. धर्मशास्त्रही आणि व्यवहारही. तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि कितीतरी विधवा-परित्यक्ता तिथे शिकून शिक्षिका झाल्या. कर्मसिद्धांत दोन्हीकडे तोच. एका ठिकाणी तो डोक्यावर मारला गेला, दुसऱ्या ठिकाणी हात धरून उठवायला वापरला गेला.

आमच्या जिल्ह्यातला एक नास्तिक

हा इतिहास र. धों. कर्व्यांशिवाय पुरा होणार नाही. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२, आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. देवधर्म न मानणारे. माझ्या लेखात त्यांचं नाव आलेलं पाहून काही जणी भुवया उंचावतील. पण जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या ज्या प्रश्नांना कुणीही उत्तर देत नव्हतं त्यांना दिलं. समलिंगी आकर्षण, हस्तमैथुन, लग्नातल्या अडचणी, सगळं. भीती न घालता, लाज न आणता. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, आणि मासिक चालूच राहिलं.

कर्व्यांना करुणा हा शब्द आवडला नसता बहुतेक. पण ज्या वाचकानं रात्री दार लावून त्यांना पत्र लिहिलं असेल आणि महिनाभर अंकाची वाट पाहिली असेल, त्याला ते उत्तर काय वाटलं असेल याचा विचार करते. धर्माच्या लोकांनी दार लावून घेतलं की माणूस जिथे दार उघडं दिसेल तिथे जातो.

त्या बहिणीला काय सांगितलं

मागच्या चातुर्मासात एक बहीण माझ्याकडे आली. 'काकू, जरा एकटीनं बोलायचंय,' म्हणाली. तिचं लेकरू शहरात नोकरीला. दिवाळीत घरी आल्यावर त्यानं आईला आपल्या मनातलं सांगितलं होतं. काय सांगितलं ते या लेखाच्या विषयावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. 'लेकरू' हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे हे किती बरं! मुलगा की मुलगी ते सांगायची गरजच पडत नाही.

तिचे प्रश्न तीन होते. माझ्या हातून कुठलं पाप झालं? महाराजांपुढे नेऊन कडक नियम दिला तर हे जाईल का? आणि एका नातेवाइकानं एक 'उपचार करणारा बाबा' सुचवला होता, तिकडे न्यावं का? त्या बाबानं फोनवरच मोठी रक्कम सांगितली होती.

पहिल्यावर मी तिला गोम्मटसारातली दोन खाती सांगितली. प्रत्येक जीवाचं कर्म त्याचं त्याचं. आईचं पाप लेकराच्या खात्यावर वर्ग होत नाही, हे आपल्या धर्माचं अगदी मूळ आहे. ती रडली. बरंच रडली.

दुसऱ्यावर म्हटलं, नियम हा घेणाऱ्याच्या इच्छेनं घ्यायचा असतो. कुणाला धरून नेऊन दिला तर तो नियम नव्हे, ती शिक्षा. ब्रह्मचर्य, संयम, जप हे सगळ्यांसाठी आहेत, लग्न झालेल्या तुझ्यामाझ्यासाठीही. पण ते 'हा भाव बदलण्याचं औषध' म्हणून कुणी देत असेल तर तो शास्त्राचाही गैरवापर आहे. महाराजांकडे न्यायचंच असेल तर आधी लेकराला विचार, आणि आधी तू एकटी जाऊन बघ, ते अपरिस्रावी आहेत का. भर सभेत प्रवचनाला विषय करतील अशा ठिकाणी नेऊ नकोस.

तिसऱ्यावर मात्र मी आवाज चढवला. समलैंगिकता हा आजार नाही हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१८ साली जाहीरपणे म्हटलं आहे. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती गुन्ह्यातून काढली. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क त्याआधी २०१४ मध्येच याच न्यायालयानं मान्य केला होता. असं 'बरं करण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. आणि भूत उतरवतो म्हणून मारहाण-छळ करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पैसे देऊन लेकराचा छळ विकत घ्यायचा का?

मग तिनंच विचारलं, 'मग मी करू काय?' मी म्हटलं, फोन कर. जेवलंस का विचार. बाकीचं हळूहळू. तुला स्वतःला बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ नंबरवर, मराठीत बोलता येतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टनं या विषयावर मराठीत बरंच काम केलंय. खिरे यांची पुस्तकं घरच्यांनी वाचण्यासारखी आहेत.

आज त्या घरात सगळं आलबेल आहे असं नाही. लेकराच्या वडिलांचं बोलणं अजून तुटक आहे. पण या वर्षी क्षमावाणीला लेकराचा घरी फोन आला आणि वडिलांनी तो घेतला, एवढं तिनं मला कळवलं. हे लिहायची परवानगी तिच्याकडून आणि तिनं लेकराकडून घेतली आहे.

मैत्रिणींनो, आपण काही आचार्य नाही आणि मानसोपचारतज्ज्ञही नाही. पण आपल्या ओट्यापाशी, मंदिराच्या पायरीवर, स्वाध्यायानंतरच्या गप्पांत कुणीतरी कधीतरी असं काही बोलून जातं. त्या वेळी पाळायला तीन गोष्टी पुरेत. पहिली, मध्येच उपदेश करू नका, पूर्ण ऐका. दुसरी, चेहऱ्यावर जुगुप्सा येऊ देऊ नका, ती आपल्याच वहीत चढते. आणि तिसरी, घरी गेल्यावर यजमानांनाही सांगू नका. व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही.

पुढच्या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहीन म्हटलं होतं, ते लक्षात आहे. तोवर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.